दोडक्याचा वेल आणि बुटाचं माप

खापरेमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझी चूक हातात धरून उभ्या होत्या. भोपाळच्या बिट्टन मार्केटचा आठवडी हाट भरला होता. मटारवाल्याला पैसे द्यायला मी पिशवीतून पाकीट ओढलं आणि पाकिटाबरोबर एक हिरवी पट्टी उडाली, ती थेट शेजारच्या बाईंच्या पायाशी पडली. बाईंनी ती उचलली, कपाळाला लावली, पदरानं पुसली, मग चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि तिथंच थबकल्या. मागून लोक ढकलत होते, मटारवाला "बहनजी, बाजू हो जाओ" म्हणून कंटाळला, पण बाई काही हलेनात.

"हा कोपरा कोणी काढला?" त्यांनी सरळ मराठीत विचारलं.

"मी. पण मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मटारवाल्याशी तू जे हिंदी बोलून राहिली होती ना, त्यावरून. हा काटकोन आहे बाप्पा. बोर्डावर काटकोन काढतं का कोणी?" मग त्यांनी पट्टी उलटली. मागं काहीच नव्हतं. "आणि याच्यावर पार्ट कुठं बसतात? हा बोर्ड करतो काय?"

"काही करत नाही. नुसता दिसतो."

"दिसतो?" असं म्हणून त्या हसायला लागल्या. मला वाटलं चेष्टा करतायत. पण तसं नव्हतं. चौतीस वर्षं ज्या बाईनं असे बोर्ड यंत्रांच्या लोखंडी कपाटांच्या पोटात बंद होताना पाहिले, तिला नुसत्या दिसण्यासाठी बनवलेला बोर्ड पहिल्यांदा भेटला होता. हे मला पुढं कळलं, त्या वेळी मी फक्त ओशाळले.

आता हा काय प्रकार ते सांगते, नाहीतर तुम्हीही मटारवाल्यासारखे कंटाळाल. मी एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते आणि संध्याकाळी गिटारवाल्यांसाठी पेडल बनवते. पेडल म्हणजे तळहाताएवढा लोखंडी डबा. तो जमिनीवर ठेवायचा, गिटारची वायर त्यातून न्यायची आणि वाजवता वाजवता पायानं त्याचा स्विच दाबायचा. दाबला की आवाज बदलतो, कुठं गुरगुरतो, कुठं घुमतो, कुठं विहिरीतून आल्यासारखा परत येतो. आतलं काम मला छान जमायचं. वरचं झाकण मात्र माझ्या डोक्याला ताप झालं होतं. रंग उडायचा, स्टिकर सुटायचे. शेवटी मला सुचलं की झाकणाच्या जागी सर्किट बोर्डच का लावू नये? टणक असतो, त्यावर पांढरी छपाई होते, तांब्याच्या रेघा सोन्याच्या मुलाम्यात चमकतात, शिवाय कारखान्याकडून हवा तसा कापून येतो. ती पट्टी म्हणजे माझं पहिलं झाकण. मी ते मोठ्या कौतुकानं पिशवीत घालून गावभर मिरवत होते.

मावशींनी पट्टी परत दिली आणि वर पत्ताही दिला. "रविवारी ये. तुझे कोपरे नीट करून देते. बोर्डावर रेघ पंचेचाळीस अंशांत वळवतात."

पिपलानीच्या मागच्या एका कॉलनीत, पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. विशीत असताना इथल्या सरकारी कारखान्यात ट्रेसर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. ट्रेसरचं काम आता कोणाला ठाऊक नाही. इंजिनियर पेन्सिलीनं आराखडा काढायचा, ट्रेसरनं तो वर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचा. सर्किट बोर्डांच्या नकाशांना शाईच्या जागी बारीक काळी चिकटपट्टी असायची. मूळ मापाच्या दुप्पट मोठा नकाशा, त्यावर पट्टी चिकटवत एकेक रेघ न्यायची, मग त्याचा फोटो काढून लहान करायचा. मावशींकडं त्या पट्टीची उरलेली भेंडोळी बिस्किटांच्या डब्यात अजून होती. डबा उघडला की त्या आधी वास घ्यायच्या.

खिडकीजवळ त्यांचं टेबल होतं. जुन्या खिडकीची काच, चार विटा आणि खाली एक ट्यूबलाइट, झालं टेबल. रेघ ओढायच्या आधी त्या डावं बोट वर करायच्या. ते बोट वर गेलं की घरात सगळ्यांनी गप्प व्हायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. कामवाली हातातलं भांडं हातातच धरून उभी राहायची. एकदा तर गॅसवर दूध होतं, मला ते वर येताना दिसत होतं, आणि मी बोटाकडं बघत तशीच उभी. दूध उतू गेलं. रेघ पूर्ण झाल्यावर मावशी म्हणाल्या, "सांगायचं नाही का बाप्पा?"

त्यांचं एकच म्हणणं असायचं: रेघ पोचली पाहिजे. कुठून तरी निघाली तर कुठं तरी पोचली पाहिजे. अधांतरी सुटलेली रेघ दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर दाताखाली खडा आल्यासारखा भाव यायचा. त्यामुळं आमचं पहिलं भांडण पहिल्याच रविवारी झालं. मी शोभेसाठी काढलेली तांब्याची नक्षी त्यांना पाहवेना. "हे तांबं कशाला जोडलंय?" कशालाच नाही, शोभा आहे, मी म्हटलं. "मंग हे खोटं आहे. तांबं आहे आणि त्यात काहीच जात नाही?" शेवटी मी हात टेकले आणि नक्षीची प्रत्येक रेघ डब्याच्या स्क्रूपाशी नेऊन अर्थिंगला जोडली. आवाजात त्यानं काडीचा फरक पडला नाही. मावशींना मात्र हायसं वाटलं.

दुसरी सवय ठिपक्याची. ट्रेसरनं इंजिनियरची चूक सुधारायची नाही, असा त्यांच्या खात्यातला नियम. चूक असली तरी चुकीसकट गिरवायचं. मावशींना चुका दिसायच्या आणि त्या बोलू शकत नव्हत्या. मग त्यांनी काय करावं? चूक जिथं असेल त्या ओळीत, समासात, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. कोणाला न सांगता. काही वर्षांनी अख्ख्या खात्याला कळलं, आणि मोठमोठे इंजिनियर त्यांच्याकडून आलेला नकाशा उघडला की आधी समास बघायचे. एक साहेब तर ठिपका नसला की चहा मागवायचे म्हणे. हे सांगताना मावशी अशा खुलायच्या की विचारू नका. पण मी विचारलं, "आणि तुमची स्वतःची एखादी रेघ? तुम्हीच ठरवून काढलेली?" तर त्या डब्याचं झाकण लावायला लागल्या.

"एक पण नाही. दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ, बस. हात माझा, रेघ त्यांची." जरा थांबून म्हणाल्या, "एक काढायची होती. एकच. राहून गेलं."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. झाकणं आम्ही करत होतो, एकामागून एक. मी काढायची, त्या गिरवायच्या, समासात ठिपके द्यायच्या, मी सुधारायची, मग कॉम्प्युटरवर चढवून कारखान्याला धाडायची. भोपाळच्या गिटारवाल्यांत आमच्या झाकणांचं नाव झालं. पण प्रत्येक वेळी मी म्हणायची, "मावशी, या वेळी तुम्ही काढा," आणि त्या म्हणायच्या, "तू काढ, मी गिरवते." शेवटी मी दांडगाई केली. नव्या पेडलसाठी एक कोरा कागद ठेवला. त्यावर फक्त भोकं: चार नॉब, एक दिवा, एक स्विच. "पंधरा दिवसांनी येते," म्हटलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत जिना उतरले.

पंधरा दिवसांनी कागद तसाच कोरा. म्हणजे तसा कोरा नव्हे. खोडून खोडून कागदाला लव आली होती, आणि समासात ठिपके. मोजले, सात.

"सात वेळा काढलं," मावशी म्हणाल्या. "सातही वेळा चुकलं."

"काय चुकलं?"

"कोणाच्या तरी सारखं होऊन राहिलं होतं."

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली, पण मावशी मिठी मारण्यातल्या नव्हत्या. मी दुसरा कोरा कागद ठेवला आणि घरी आले.

आठव्यांदा जमलं. त्यांनी फोनवर फक्त "ये" म्हटलं. मी स्कूटर अशी हाणली की आनंद नगरच्या चौकात पोलिसाची शिट्टी खाल्ली. टेबलावर, ट्यूबलाइटवर, दोडक्याचा वेल पसरला होता. त्यांच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर चढलेला, रोज संध्याकाळी त्यांच्या चहाबरोबर फुलणारा वेल. एका कोपऱ्यात अर्थिंगच्या स्क्रूपाशी त्याचं मूळ, तिथून तो वर चढलेला, पंचेचाळीस अंशांत वळत, आणि प्रत्येक तणावा एकेका नॉबला जाऊन विळखा घालत होता. एकही रेघ सुटी नाही. आणि खाली, स्विचला लागून, दिव्याच्या भोकावर एक मोठं फूल.

"तिथं भोक नको," त्या म्हणाल्या. बोलता बोलता उभ्या राहिल्या, त्यांना बसवेना. "फुलावर तांबं नको, हिरवा रंग नको, मागूनपण नको. नुसता फायबर ठेव, बोर्डाचा मूळ थर. तो पिवळट असतो ना मूळचा? मागं दिवा लागला की फूल पिवळं होईल. आणि पानाखाली तांबं ठेव, वरून हिरवा रंग. जिथं तांबं तिथं फिकं हिरवं दिसतं, नाही तिथं गडद. हिरव्यावर हिरवं. चौतीस वर्षं पाहून राहिली मी ते, कोणी वापरत नव्हतं. आणि दोडक्याचं फूल सांजेला उघडतं. तू बटण दाबशील तेव्हा उघडेल. कळलं का?"

कळलं म्हणजे काय, माझ्या अंगावर काटा आला. त्या आठवड्यात उलटंच झालं. त्यांची रेघ मी कॉम्प्युटरवर गिरवत बसले आणि श्वास रोखून धरायला लागले. एका पानाला तांबं पोचत नव्हतं असं मला दिसलं, तर मी सुधारलं नाही. छापील कागद त्यांच्याकडं नेला आणि समासात एक ठिपका देऊन ठेवला. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा चहाबरोबर शेव मिळाली.

एक नमुना बनून आला. मी डब्यावर बसवला, टेबलावर ठेवला, बोटानं स्विच दाबला. फूल उघडलं. मावशींनी दहा वेळा दाबून पाहिलं. आणि इथं माझं जे चुकलं ते चुकलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना प्रत्येक पेडल टेबलावर ठेवून, बोटानं दाबून दाखवलं होतं. ते कुठं ठेवतात, कसं दाबतात, हे सांगायचं मला कधी सुचलंच नाही. आमच्या जगात ते सांगायची गोष्टच नव्हती.

टी. टी. नगरमध्ये आरिफच्या घरी तालीम असायची. आरिफ आमचा सर्वांत चांगला गिटारवाला, नव्या पेडलवर त्याचा पहिला हक्क. मी मावशींना मुद्दाम घेऊन गेले. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. खुर्चीवर बसल्या. आरिफनं पेडल पाहून "आंटी, क्या चीज़ बनाई है" म्हटलं, दोन्ही हातांनी घेऊन जमिनीवर ठेवलं, वाजवायला लागला, आणि रंगात आल्यावर बूट उचलून फाडकन फुलावर ठेवला.

मावशी उठल्या. आरिफ वाजवायचा थांबला. "क्या हुआ आंटी? अपन तो पैर से ही दबाते हैं."

"पैर से?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सगळे? आधीचे पण?"

मी मान हलवली. त्यांनी वाकून पेडल उचललं, फुलावरची बुटाची धूळ पुसली, ते पर्समध्ये घातलं आणि जिना उतरल्या. स्कूटरवर मागं बसून अख्ख्या वाटेत त्यांनी पर्स छातीशी धरून ठेवली. घराशी उतरताना म्हणाल्या, "हे नको बनवू. आधीचे तुझे होते, तू पाहून घे. हे माझं आहे. हे पायाखाली नाही जाणार."

मी चुकले होते आणि मला रडू येत होतं. एक रेघ काढायला या बाईला अख्खं आयुष्य लागलं, आणि मी ती बुटाखाली नेऊन ठेवली. पण खरं सांगते, मला रागही आला होता. ते पर्समध्येच राहिलं तर पुन्हा कपाटाच्या पोटातच गेलं की. मी फोनवर तसं म्हटलंसुद्धा. "मावशी, कपाटातच ठेवायचं तर काढलं काहून?" त्यांचंच नागपुरी 'काहून' त्यांना ऐकवलं. त्यांनी फोन ठेवला.

तीन आठवडे काही नाही. मी हातानं दाबायचं स्टँड करून बघितलं, गिटारवाल्यांनी नाक मुरडलं. मग एका सकाळी त्यांचाच फोन.

"तुझे ते वाजवणारे किती जण आहेत?"

"पाच."

"बुटांसकट घेऊन ये. पायऱ्यांवर आवाज करू नका म्हणावं, खाली म्हातारे लोक राहतात."

त्यांनी काय करावं? जमिनीवर पेडलच्या मापाचा लाकडी ठोकळा, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि बाजूला परातीत कोळशाची पूड. प्रत्येकानं बूट पुडीत बुडवायचा आणि न बघता, वाजवतोय असं समजून, ठोकळ्यावर पाय मारायचा. वीस वेळा. प्रत्येकाला नवा कागद. पाच धिप्पाड मुलं रांगेत, आणि मावशी स्टुलावर बसून "तू नीट नाही मारून राहिला, वाजवताना असा मारतो का?" म्हणून दटावतायत. आरिफचा बूट अकरा नंबरचा. त्याचा ठसा ठोकळ्याच्या बाहेरच जास्त पडला. "तुझा पाय आहे की होडी?" त्या म्हणाल्या, आणि सगळे इतके हसले की खालचे म्हातारे वर आले. तेही मग बसून राहिले.

सगळे कागद काचेवर एकावर एक ठेवून त्यांनी खालून दिवा लावला. जिथं जिथं काळं पडलं होतं त्याच्या भोवती डावं बोट वर करून एक रेघ ओढली. बोर्डावर जिथं काही ठेवायचं नाही असा भाग आधी आखून घेतात, तो हा. "इथं पाय. इथं काही नाही काढायचं, कोरं राहील. तो स्विच दाबायलाच केला आहे, त्याला पाय लागला तर लागला." मग वेल नव्यानं वळवला. फूल दिव्यासकट खालून उचलून सगळ्यात वर, उजव्या कोपऱ्यात नेलं. ते तिथंच जास्त शोभत होतं, हे मी बोलले नाही, त्यांनाही दिसत होतं.

बारा पेडलं बनली. टी. टी. नगरमधल्याच एका लहान सभागृहात पाचही जणांचा कार्यक्रम ठरला, संध्याकाळी सहाचा. मावशी पहिल्या रांगेत. दिवे मंद झाले आणि रंगमंचावर पाच पिवळी फुलं लागत विझत राहिली. मी गाणं ऐकलंच नाही. मी बूट मोजत होते. शेवटच्या गाण्यात आरिफ बेभान झाला, डोळे मिटले, आणि त्याचा तो अकरा नंबरी बूट आखलेली हद्द ओलांडून, स्विच सोडून, थेट वेलावर पडला. फूल झाकलं गेलं. मी मावशींकडं बघायची हिंमत केली नाही. हात मांडीवर घट्ट धरून बसले.

कार्यक्रम संपला. वळून पाहते तर खुर्ची रिकामी. मी दाराशी धावले, बाहेर पायऱ्यांवर पाहिलं, रिक्षांपाशी पाहिलं. कुठंच नाहीत. परत आत आले तेव्हा रंगमंचावर दहा-बारा जणांचं कोंडाळं दिसलं. कॉलेजच्या मुली, दोन-तीन पोरं, आरिफ पाठ वाकवून उभा. एक मुलगी विचारत होती, "आंटी, ये डिज़ाइन किसने बनाया? आपको पता है?"

"मैंने," मधोमध उभ्या मावशी म्हणाल्या. मग मराठीत, मुलीला कळो न कळो, "मी काढलं. माझं आहे हे."

"और ये फूल जलता कैसे है?"

"अरे, जलता नहीं, खिलता है. देख." वाकायला गुडघे साथ देईनात. आरिफ पुढं झाला, त्याला त्यांनी हातानंच मागं सारलं. माझ्यासमोर त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, साडीच्या निऱ्या एका हातानं उचलल्या आणि अंगठ्यानं स्विच दाबला. फूल उघडलं. पुन्हा दाबला, मिटलं. कोंडाळ्यातून "वाह" आलं. मावशींचं कोणाकडं लक्ष नव्हतं, माझ्याकडं तर नाहीच. सभागृहाचा माणूस एकेक दिवा बंद करत निघाला होता. पुढच्या महिन्यात त्या बहिणीकडं नागपूरला कायमच्या गेल्या, आणि फोनवर बोलतो आम्ही, पण डोळ्यांसमोर येतात त्या तिथंच. एक पाय चपलेत, एक अनवाणी, आणि मागच्या मुलींना सांगतायत, "तुम को दिखा नहीं क्या? आगे आओ. फिर से दबाती हूँ."